लिनक्स सर्व्हरसाठी यूपीएस घ्यायचाय, बडोद्यात व्हेंडर कसा निवडावा?

ग्रंथपाल_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. दांडिया बाजारात आमच्या ट्रस्टचं छोटं मराठी वाचनालय आहे, जुनी मासिकं स्कॅन करून जपायचं काम चालू आहे. एक सर्व्हर डेबियनवर (लिनक्सचाच एक प्रकार), त्यात झेडएफएस मिररमध्ये दोन डिस्क, म्हणजे एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर, आणि स्कॅनिंगची दोन मशीनं उबंटूवर, तेही लिनक्सच. लाइट फार वेळ जात नाही पण जाते ती न सांगता, आणि उत्तरायणात मांजा तारांत अडकला की दिवसभर ट्रिपिंग चालूच. आत्ताचा यूपीएस नुसता बीप करतो, बॅटरी संपत आलीय हे सर्व्हरला कळतच नाही, मग चालू काम अर्धवट टाकून धाडकन बंद.

तीन कोटेशनं आलीत. सयाजीगंजमधला एक म्हणतो सॉफ्टवेअर सोबत येतं पण फक्त विंडोजचं. दुसरा मकरपुरा जीआयडीसीतला (औद्योगिक वसाहत), तो म्हणतो "लिनक्सवर चालेल ना, सगळं चालतं", कसं ते काही सांगत नाही. तिसरा वेबसाइटवरचा, सगळ्यात स्वस्त. ट्रस्टचा पैसा आहे त्यामुळे कमिटीपुढे नीट कारण द्यावं लागतं. व्हेंडरला नेमकं विचारायचं काय? आणि ऑनलाइन टाइप (सतत स्वतःच्या सर्किटमधून वीज देणारा) घ्यावा की लाइन इंटरॅक्टिव्ह (लाइट गेल्यावरच बॅटरीवर जाणारा)?

मांजलपूरकर

काका, "चालेल ना" हे उत्तर धरूच नका. कंपनीचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे की नाही याने आपल्याला काही फरक पडत नाही, लिनक्सवर आपण नेटवर्क यूपीएस टूल्स म्हणजे नट वापरतो, ते डेबियन आणि उबंटू दोन्हींच्या रेपोत (सॉफ्टवेअरच्या साठ्यात) आहे. प्रश्न एवढाच की यूपीएसच्या मागचा यूएसबी किंवा सिरियल पोर्ट कुठली भाषा बोलतो. एपीसीचे बरेच मॉडेल आणि ईटनचे यूएसबी एचआयडी बोलतात, त्यांना यूएसबीएचआयडी-यूपीएस ड्रायव्हर लागतो, एपीसीसाठी एपीसीयूपीएसडी नावाचा वेगळा प्रोग्रामही आहे. आपल्याकडे लोकल लेबल लावून जे विकतात त्यातले खूपसे मेगाटेकचा क्यू-वन प्रोटोकॉल बोलतात, त्यांना एनयूटीडीआरव्ही-क्यूएक्स ड्रायव्हर लागतो. दोन्ही चालतात. पण काही मॉडेलना मागे यूएसबीचं भोक असतं ते फक्त मोबाइल चार्जिंगचं, डेटाच जात नाही त्यातून! ब्रोशरमध्ये "यूएसबी पोर्ट" एवढंच छापलेलं असतं म्हणून हे आधी विचारा.

माझा सल्ला, लिनक्सचा लॅपटॉप घेऊन दुकानातच जा. केबल लावा, एलएसयूएसबी (जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड) मारा. ०६६५:५१६१ असा आयडी दिसला तर तो सायप्रेसचा चिप आहे, क्यूएक्सवर बहुतेक चालतो. मग नट चालू करून यूपीएससी (upsc, यूपीएसची स्थिती दाखवणारी) कमांड द्या, यूपीएस-डॉट-स्टेटसच्या पुढे ओएल म्हणजे लाइटवर असं दिसेल. आता व्हेंडरला भिंतीतला प्लग ओढायला सांगा. काही सेकंदांत ओएलचं ओबी, म्हणजे बॅटरीवर, झालं पाहिजे. झालं तर पुढची बोलणी, नाहीतर नमस्कार करून बाहेर पडा. जो व्हेंडर एवढं करू देत नाही तो वॉरंटीत काय उभा राहणार. वेबसाइटवाल्याकडे हे करताच येत नाही, म्हणून स्वस्त असला तरी मी नाही घेणार.

अनुराधा_इंदूर

वर दादांनी पोर्टचं बरोबर सांगितलंय, मी लोडचं सांगते कारण तिथे कोटेशनमध्ये गंमत असते. व्हीए (व्होल्ट गुणिले ॲम्पिअर) बघून घेऊ नका, वॅट म्हणजे खरी वापरता येणारी ताकद विचारा. बाजारातला ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुतेक ३६० वॅटचाच असतो. तुमचा सर्व्हर आणि राउटर-स्विच एवढंच त्यावर ठेवा. स्कॅनरचा दिवा, प्रिंटर वगैरे बाहेर, लेझर प्रिंटर तर मुळीच नाही, तो गरम होताना मोठा करंट ओढतो.

टाइपचं म्हणाल तर तुमच्या कामाला लाइन इंटरॅक्टिव्ह पुरतो असं माझं मत. ऑनलाइनमध्ये स्विचओव्हरचा वेळ शून्य असतो पण तो चोवीस तास डबल कन्व्हर्जन (एसीचं डीसी आणि परत एसी) करत बसतो, उष्णता आणि पंख्याचा आवाज, वाचनालयात लोक बसलेले असताना तो घूं घूं नको. मात्र सर्व्हरच्या एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात) ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असेल तर प्युअर साइन वेव्हच मागा, म्हणजे घरच्या लाइटसारखी गुळगुळीत लहर, स्क्वेअर किंवा सिम्युलेटेड वेव्हवर काही एसएमपीएस बॅटरीवर जाताक्षणी बंद पडतात. आणि व्होल्टेज सारखं वरखाली होत असेल किंवा जनरेटर असेल तर मात्र ऑनलाइन घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

ग्रंथपाल_दांडियाबाजार

आभार दोघांचे. पुतण्याला घेऊन जाऊन आलो. सयाजीगंजवाल्याने "सील उघडणार नाही" म्हणून प्लगला हात लावू दिला नाही. जीआयडीसीवाल्याने मात्र डेमो पीस काढून दिला, खुर्ची पण दिली, आयडी तोच ०६६५ वाला निघाला आणि प्लग ओढल्यावर ओबी आलं, तोच बघत बसला स्क्रीनकडे. पण बॅटरी किती टक्के आणि किती मिनिटं उरली हे काही दिसत नाही, नुसतं व्होल्टेज दिसतं. हा दोष आहे का? आणि लाइट परत आल्यावर सर्व्हर आपोआप चालू होईल ना, रात्री तिथे कोणी नसतं.

मांजलपूरकर

दोष नाही काका. क्यू-वनच्या उत्तरात इनपुट व्होल्टेज, आउटपुट, लोड, फ्रिक्वेन्सी, बॅटरी व्होल्टेज, तापमान आणि आठ बिटांचा स्टेटस एवढंच येतं, टक्के त्यात नसतातच. नट व्होल्टेजवरून अंदाज काढू शकतं, त्यासाठी बॅटरी भरलेली असतानाचं आणि रिकामी असतानाचं व्होल्टेज कॉन्फिगमध्ये लिहावं लागतं. बॅटरी जुनी झाली की तो अंदाज फसवा होतो, म्हणून लो-बॅटरीची वाटच बघू नका. यूपीएस-शेड (upssched, नटचाच वेळ लावायचा भाग) मध्ये टायमर लावा, लाइट जाऊन पाच मिनिटं झाली की सर्व्हर नीट शटडाउन. उबंटूची मशीनं पण याच यूपीएसवर असतील तर ती नेटवर्कवरून याच सर्व्हरला विचारतील, पोर्ट ३४९३, नट २.८ पासून त्यांना सेकंडरी म्हणतात आणि केबल लावलेल्याला प्रायमरी.

निवृत्त_वायरमन

मी वीज खात्यातून रिटायर, कॉम्प्युटरचं मला कळत नाही पण बॅटरीचं सांगतो. बडोद्याचा मे महिना बॅटरी खातो. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ डिग्रीला धरून लिहिलेलं असतं, आणि दर दहा डिग्री वाढीला साधारण निम्मं होतं. पश्चिमेच्या भिंतीला, बंद कपाटात ठेवू नका. जमिनीवर तर नकोच, २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी कुठवर आलं ते सगळ्यांनी पाहिलंय, कमरेएवढ्या उंचीवर पक्का स्टँड करा.

कोटेशनमध्ये बॅटरीचा मेक, ॲम्पिअर-अवर आणि वॉरंटी वेगळी लिहून घ्या, "यूपीएसला दोन वर्षं" म्हणतात आणि बॅटरीला एकच निघते. नवीन बॅटरीवर तयार झाल्याचा महिना बघा, गोडाउनात वर्षभर पडलेली नको. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, २०२२ च्या बॅटरी वेस्ट नियमांनी ती परत घ्यायची जबाबदारी उत्पादकावर आहे, व्हेंडरकडूनच उचलायला लावा. आणि घेण्याआधी सॉकेटला न्यूट्रल-अर्थमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजा, अर्थिंग खराब असेल तर कुठलाही यूपीएस घ्या, काम नीट देणार नाही.

अनुराधा_इंदूर

काकांचं अर्थिंगचं शंभर टक्के. ग्रंथपाल काका, तुमचा आपोआप चालू होण्याचा प्रश्न राहिला. सर्व्हरच्या बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) "रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस" ऑन करा. पण एक अडचण आहे, सर्व्हर शटडाउन होताहोताच लाइट परत आली तर यूपीएस बंदच होत नाही, सर्व्हरला वीज गेल्याचं कळत नाही आणि तो तसाच बंद पडून राहतो. त्यासाठी शटडाउनच्या शेवटी नट यूपीएसला किल-पॉवर देतं, म्हणजे यूपीएस आउटपुट तोडून थोड्या वेळाने परत देतो. सगळे स्वस्त मॉडेल हे नीट करत नाहीत. तर जीआयडीसीवाल्याकडे पुन्हा जाल तेव्हा सर्व्हर नको, एक बल्ब लावा, शटडाउन-रिटर्न कमांड द्या आणि प्लग लावलेलाच ठेवा. बल्ब विझून परत लागला तर तोच मॉडेल नंबर पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) लिहायला सांगा, "तत्सम" हा शब्द येऊ देऊ नका.

ग्रंथपाल_दांडियाबाजार

उद्याच जातो बल्ब घेऊन. पीओ कमिटीत गेला की कळवतो.