मॉडेल विमानाच्या ४० च्या इंजिनाला कोणता प्रोप (पुढचा पंखा) लावू? विमान उचलतच नाही

वावरातला पायलट
राजेहो, आर्वीकडच्या खेड्यातून लिहितो. जुनं ४० साइजचं (०.४० घनइंच, म्हंजे साडेसहा सीसीच्या आसपास) ग्लो प्लगवालं टू-स्ट्रोक इंजिन भेटलं, घरीच बनवलेल्या हाय विंग ट्रेनरवर (वर पंख असलेलं शिकाऊ मॉडेल) बसवलं. दुकानदारानं ९×७ प्रोप देला, म्हणे याच्यानं स्पीड लय येते. आवाज असा की गोठ्यातले बैल बावचळतात, पण विमान वखरलेल्या वावरात नुसतं धावते, काल धुऱ्यावरच्या बोरीत जाऊन अडकलं. इंजिनात दम नाही का प्रोप चुकला? कोणी १०×६ सांगते, कोणी ११×५.

फिरता पंखा
इंजिन बरोबर आहे भाऊ, गियर चुकला. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे पाती अजिबात न घसरता एका फेरीत प्रोप किती पुढं सरकेल ते. लहान व्यास अन् ७ पिच म्हणजे भरलेली ट्रॉली वरच्या गियरमधी उचलायला लावणं. १०×६ घे. १२,००० आरपीएमला ६ पिचचा हिशोबच ताशी ११० किमीच्या आसपास निघते, विमान त्याच्याहून कमीच जाईल, पण ट्रेनरले अजून किती पाह्यजे?

कास्टर ऑइल
मी ११×५ वाला. आखूड जागेत ओढ चांगली भेटते आणि उतरताना विमान लवकर मंदावते. पण इंजिनावरचा भार ढोबळमानानं व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, पिचनं सरळ, म्हणून ११×५ हा १०×६ पेक्षा २०-२२ टक्के जड पडतो. आपल्याकडं मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत इंजिन तसंही तापलेलंच, नीडल (इंधन कमीजास्त करायचा स्क्रू) थोडी रिच, म्हणजे इंधन जरा जास्त, ठेवायची, मागं धुराची रेघ दिसली पाहिजे. आणि आधी प्रोपचं टोक जमिनीपासून किती वर आहे ते मोजून सांग.

वावरातला पायलट
मोजलं. ९ वर ४ सेंटीमीटर.

कास्टर ऑइल
मग ११ वर दीडच उरते, पहिल्याच ढेकळाला टेकंल. माझं मत मागं घेतो, १०×६ च लाव, नाहीतर मोठी चाकं बसव.

जुना खेळाडू
नवा प्रोप बॅलन्स करूनच लावा, जड पातं घासायचं. टोक उडालेला प्रोप फेविक्विकनं चिकटवून कोणी फिरवू नका, सरळ फेका. अन् नीडल फिरवायची तर मागून, प्रोपच्या रेषेत उभं राह्यचं नाही. मी एकदा समोरून हात घातला होता, तर्जनीवर चार टाके, अजून थंडीत ठणकते.

वावरातला पायलट
अपडेट: १०×६ लावला, सकाळी सातला वारा पडलेला असताना पांदणीवरून सोडलं, बोरीच्या बरंच अलीकडं उचललं! उतरताना पुढचं चाक बैलगाडीच्या चाकोरीत गेलं अन् प्रोप मोडला. आता एकदम तीन मागवतो.