अनुभव धागा: खाली गटार, वर गाडी

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या विजेच्या खांबावर एकाखाली एक दोन सूचना चिकटवलेल्या दिसल्या. वरची ड्रेनेज विभागाची: जुनी नळी काढून मोठ्या व्यासाची टाकणार. खालची वाहतूक विभागाची: गल्लीत एकाच बाजूला पार्किंग, पांढरे पट्टे मारून. हरकतींची मुदत वेगळी, सुनावणीची तारीख वेगळी, सही करणारे साहेब वेगळे. रस्ता मात्र एकच, आणि तोही समोरून गाडी आली की एकीने मागे जायचं, एवढाच रुंद.

मी दोन्ही विभागांत जाऊन आले. दोघांनाही दुसऱ्या सूचनेचा पत्ता नव्हता. म्हणून हा धागा. ज्यांच्या दारात खोदाई झाली, ज्यांच्या दारातलं पार्किंग गेलं किंवा नव्याने आलं, त्यांनी लिहा. शिव्या घालायच्या तर घाला, पण कुणाला काय विचारलंत आणि पुढे काय झालं हेही सांगा.

*

आमचं सांगतो. नकाशात लाइन रस्त्याच्या मधोमध होती. खणताना तिथे पाण्याची मोठी लाइन लागली, म्हणून चर डावीकडे सरकवला. कुणी काही बोललं नाही. उलट अर्धा रस्ता चालू राहिला म्हणून आम्ही खूश. चेंबरची झाकणं सगळी डाव्या कडेला आली, आणि गाड्याही सगळे त्याच कडेला लावतात.

दीड वर्षाने एका रविवारी लाइन तुंबली. तुंबलेलं पाणी सगळ्यात खालच्या भोकातून वर येतं, म्हणजे तळमजल्याच्या न्हाणीतून, आणि तळमजल्यावर आम्ही. जेटिंगची गाडी, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तुंबलेली लाइन मोकळी करणारी, तासाभरात आली, पण ज्या झाकणातून पाइप सोडायचा त्याच्यावर एक गाडी उभी. मालक परगावी, फोन बंद. पुढच्या चेंबरमधून खटपट करून झाली, पाइप वळणावर अडला. जेटिंगवाल्यांना आणखी चार तक्रारी होत्या, ते गेले. पुढचे दोन दिवस आम्ही आंघोळीला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे जात होतो. तिसऱ्या मजल्यावर केलेल्या आंघोळीचं पाणी कुठे येत होतं, ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

*

मी ड्रेनेज विभागातच होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. वरच्या प्रकरणात चूक कुणाची यात पडत नाही, पण चर आणि चेंबर आपल्या मर्जीने का हलत नाहीत ते सांगतो.

पाण्याची लाइन दाबावर चालते, तिला चढ-उताराचं फारसं वाटत नाही. मैला निव्वळ उतारावर वाहतो. दिवसातून निदान एकदा तरी त्याचा वेग सेकंदाला 0.6 मीटरच्या आसपास जायला हवा, नाहीतर गाळ तळाशी बसतो. बसलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, नळीच्या ओल्या छतावर जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि काँक्रीटची नळी वरच्या बाजूने कुरतडली जाते. मग एके दिवशी रस्ता खचतो आणि लोक डांबराला नावं ठेवतात. त्यामुळे सुनावणीत कुणी म्हणालं, ‘आमच्या दारासमोर जरा कमी खोल खणा,’ तर ते ऐकता येत नाही. एका ठिकाणी नळी वर घेतली की खालपर्यंतचा सगळा उतार बिघडतो.

झाकण कुठे यावं हे मात्र ऐकता येतं! नळी वळते, उतार बदलतो किंवा दुसरी नळी येऊन मिळते तिथे चेंबर लागतोच. मधल्या सरळ टप्प्यातला थोडा पुढेमागे होतो. पण हे नकाशा कागदावर असेपर्यंत. वर्क ऑर्डर निघाल्यावर आमच्याकडे आलेल्या माणसाला आम्ही चहा पाजायचो, दुसरं काही देण्यासारखं नसायचं.

जमिनीखालचं आणि वरचं एकत्र आखता येतच नाही असंही नाही. लंडनमध्ये 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी थेट संसदेत शिरली, तेव्हा कुठे मैलावाहिन्यांना मंजुरी मिळाली. जोसेफ बॅझलजेटने नदीकाठाला भराव घालून व्हिक्टोरिया एम्बँकमेंट बांधला. त्याच्या पोटात मैलावाहिनी आणि भुयारी रेल्वे, डोक्यावर रस्ता. 1870 मध्ये तो खुला झाला. धागाकर्त्या ताई, तुमच्या दोन साहेबांना हे जरूर सांगा.

*

माझं दुकान आहे. समोरचं पार्किंग बंद करणार असं कळलं तेव्हा सह्या गोळा करणाऱ्यांत मीच पुढे. सुनावणीत अधिकारी बाईंनी विचारलं, गाडीने येणारी गिऱ्हाइकं किती? मी ठोकून दिलं, निम्मी. त्यांनी काही न बोलता लिहून घेतलं. तेच मला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून वही घातली. दर अर्ध्या तासाला समोरच्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे. आठ दिवस. बायको म्हणाली, आता गल्ल्यावर बसण्याऐवजी चौकीत नोकरी धरा. समोर नऊ गाड्या मावतात. त्यातल्या सहा सकाळी लागायच्या त्या संध्याकाळपर्यंत जागच्या हलत नव्हत्या. त्यातली एक माझी, एक माझ्या भावाची, उरलेल्या शेजारच्या दुकानदारांच्या. गिऱ्हाइकाची जागा आम्हीच अडवून बसलो होतो, आणि गिऱ्हाइकाच्या नावाने सह्या करत होतो.

वही घेऊन परत गेलो. पार्किंग बंद करू नका, दोन तासांची मर्यादा घाला, असा अर्ज दिला. एका बाजूला मान्य झालं. पहिले तीन महिने अंमलबजावणी झकास, नंतर आपली सवडीप्रमाणे. माझी गाडी मात्र मी लांब लावतो. वही अजून गल्ल्यात आहे.

*

नोकरीनिमित्त जपानमध्ये होतो. तिथे गाडी घ्यायची तर सहसा आधी ती ठेवायची जागा दाखवावी लागते, 1962 पासून तसा कायदाच आहे. जागा घरापासून 2 किलोमीटरच्या आत हवी. जागेचा नकाशा आणि वापरायच्या हक्काचा कागद पोलीस ठाण्यात द्यायचा, मग प्रमाणपत्र. जागेचं भाडं ऐकून मी सायकल घेतली. सायकललाही पार्किंगचा स्टिकर लावावा लागला, ते वेगळं.

*

म्हणजे जागा नसलेल्याने गाडीच घेऊ नये? आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. आमची इमारत बांधली तेव्हा पार्किंग नव्हतं, यात आईचा काय दोष? कायदे करणाऱ्यांच्या घरी गॅरेज असतं.

*

मी ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. चर बुजवताना माती वीस-तीस सेंटिमीटरच्या थरांनी टाकायची, प्रत्येक थर कुटायचा, मग पुढचा. एकदम ढकलली की पहिल्या पावसात रस्ता बसतो. हे आम्हाला माहीत नसतं असं नाही.

आदल्या दिवशी प्रत्येक गाडीच्या वायपरखाली चिठ्ठी लावायचो: उद्या सकाळी 7 वाजता गाडी हलवा. सातला जेसीबी हजर, माणसं हजर, तीन गाड्या जागेवर. एक मालक झोपलेला, एक म्हणतो चिठ्ठी मिळालीच नाही, तिसरा नगरसेवकाला फोन लावतो. दहा वाजता काम सुरू. मशीनचं भाडं सातपासून. ते वाया गेलेले तीन तास संध्याकाळी कुटाईतून वसूल व्हायचे. लिहायला बरं वाटत नाहीये, पण धागा अनुभवांचा आहे.

*

माझा छोटासाच. आमच्याकडे लाइन पडत होती तेव्हा शेजारचा प्लॉट रिकामा होता. त्याच्यासाठी जोडणीचं तोंड आत्ताच काढून ठेवा, असं एका ओळीचं पत्र दिलं, पोच घेतली आणि विसरले. तीन वर्षांनी तिथे इमारत झाली, आणि रस्ता फोडावा लागला नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी पत्र!

*

धागाकर्ती. दुकानदार दादा, तुमची वही वाचूनच सुचलं. दोन्ही विभागांकडून नकाशांच्या प्रती मागून आणल्या. ड्रेनेजवाल्यांनी लगेच दिली, वाहतूकवाल्यांनी तिसऱ्या खेपेला. मोजमाप वेगवेगळं होतं, ते झेरॉक्सवाल्याने लहानमोठं करून जुळवून दिलं. घरी येऊन दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर, उन्हात, एकावर एक धरले. मुलीने कोपरे धरले, मी पेन्सिलीने गोल केले.

नव्या लाइनची अकरा झाकणं आहेत. सात पार्किंगच्या पट्ट्याखाली येतात. पट्टा समोरच्या बाजूला घेतला तर एक. दोन्ही टेबलांवर एक-एक प्रत द्यायची आहे. ड्रेनेजची सुनावणी उद्या साडेअकराला.