कापडाच्या दुकानातली अवघड गिऱ्हाइकं कशी हाताळता? सल्ला हवाय

कापूसकोंडी

नमस्कार मंडळी. मी कापडाच्या दुकानात कटिंग टेबलावर काम करते. दुकान मोठं आहे आणि हंगामात टेबलाच्या तिन्ही बाजूंनी माणसं उभी असतात. प्रत्येकाच्या काखेत एक तागा आणि तोंडी "माझं फक्त दोन मिनिटांचं काम आहे". कामाबद्दल तक्रार नाही, कापड मला मनापासून आवडतं. पण काही गिऱ्हाइकांपुढे मी अक्षरशः हात टेकलेत.

डोकं सगळ्यात जास्त कशाने फिरतं ते सांगते. अडीच मीटर सांगितलं, अडीच मीटर कापलं, बिल झालं, बाई घरी गेल्या. दोन दिवसांनी परत हजर. "टेलर म्हणतो कापड कमी आहे, तुम्ही मोजतानाच मारलंत." तेही भर गर्दीत. मी मोजून दाखवायला जावं तर मालक आतून येतात, "जाऊ दे, देऊन टाक त्यांना" म्हणतात आणि सगळ्यांसमोर मी चोर ठरते.

बाकीचेही आहेतच. रांग मोडून अर्धा मीटर अस्तर मागणारे, ढीगभर तागे उलगडायला लावून "घरी विचारून सांगते" म्हणणारे, मोबाइलमधला फोटो नाकासमोर धरून "अगदी हीच शेड द्या" म्हणणारे. आणि तोंड उघडलं की थेट अरे-तुरेवर येणारे.

जुन्याजाणत्यांनो, अशा वेळी तुम्ही नेमकं काय बोलता? शब्दशः सांगितलंत तर फार बरं. "शांत राहा" मला माहीत आहे, ते नको. :)

उगाचच

शांत राहा.

(पळतो.)

गजपट्टी

ताई, माझे केस काउंटरमागेच पांढरे झालेत, त्यामुळे जरा लांबण लागेल. सांभाळून घ्या.

"कापड कमी भरलं" हे भांडण आधी घेऊ, कारण त्यात बहुतेक वेळा दोन्ही बाजू खरं बोलत असतात. तुम्ही अडीच मीटर दिलेलं असतं आणि टेलरला ते खरंच पुरत नसतं. पहिलं कारण पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. टेलरने हिशेब केलेला असतो ५८ इंची पन्ह्याचा आणि बाईंना आवडतं ४४ इंची सुती. ५८ पन्ह्यात जे अडीच मीटरमध्ये बसतं त्याला ४४ पन्ह्यात सव्वातीन-साडेतीन मीटर लागतं. हे गिऱ्हाइकाच्या गावी नसतं. म्हणून तागा टेबलावर आला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, याचा पन्हा ४४ आहे. टेलरने किती पन्ह्याचं माप सांगितलंय?" बरीच माणसं तिथेच फोन लावतात. लावू द्या. तोवर पुढच्याचं कापायला घ्या.

दुसरं, कापड आटतं. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ सहज आटू शकतं, म्हणजे ३ मीटरमागे १५ सेंटिमीटरपर्यंत. बाई शहाण्या असतात, कापड भिजवून, वाळवून मगच टेलरकडे नेतात. तो पट्टी लावतो आणि कापड कमी! शिव्या आपल्याला. तेव्हा सुती, लिनन, रेयॉन असेल तर "धुऊन शिवणार का?" एवढं विचारून टाकायचं.

तिसरं, वार आणि मीटर. वार म्हणजे ३६ इंच, ९१.४४ सेंटिमीटर. काही टेलर आणि जुनी माणसं अजून वारातच बोलतात. कोणी नुसतं "तीन द्या" म्हणालं तर कात्रीला हात लावायचा नाही. तीन वार की तीन मीटर? त्या दोहोंत पाऊण फुटाहून जास्त फरक पडतो.

आता मोजण्याबद्दल. आपण सवयीने भराभर मोजतो, समोरच्याला हाताची हालचाल दिसते पण आकडा दिसत नाही, आणि संशय तिथेच शिरतो. कापड टेबलावर सैल पसरा, पट्टीला लावा, मोठ्याने मोजा. "हा एक... हे दोन... आणि हा अर्धा." मग कापायच्या रेषेवर बोट ठेवून थांबा आणि त्यांच्याकडे बघा. "अडीच मीटर, ४४ पन्हा. इथे कापते, कापू ना?" त्यांच्या तोंडून "हो" आल्याशिवाय बोट उचलायचं नाही. जे काही बोलायचं, विचारायचं, समजावायचं ते कात्री लागायच्या आधी. एकदा कात्री फिरली की मग नुसती वादावादी उरते.

आणि बिलावर मीटरच्या शेजारी पन्हा लिहायला लावा. पेनाचे चार फटकारे आहेत, पण परत आलेल्या माणसासमोर तेच कामाला येतात.

कापूसकोंडी

गजपट्टी दादा, पन्ह्याचं डोक्यातच आलं नव्हतं! मी विचारते ते "किती मीटर?" एवढंच. धन्यवाद.

तिरकी शिलाई

मी टेलर. सगळे आमच्यावर घसरायच्या आधी कबूल करते की आमच्यातले काही जण चुकीचा अंदाज सांगून मोकळे होतात आणि नंतर दुकानदाराचं नाव पुढे करतात. तरी दोन गोष्टी टेबलावरच्याही आहेत.

कापड वाकडं कापलं जातं. एका किनारीला अडीच मीटर भरतं, दुसऱ्या किनारीला त्याहून कमी. आम्हाला आडव्या धाग्यावर सरळ करून घ्यावं लागतं आणि त्यात तीन-चार बोटं कापड वाया जातं. निसरड्या कापडाला, शिफॉन-जॉर्जेटला, डोळ्याच्या अंदाजाने कात्री लावूच नका. किनारीला छोटी चीर द्या, एक आडवा धागा पकडून हळूच ओढा. कापडावर जी बारीक रेघ उमटते तिच्यावरून कात्री चालवा. गर्दीत वेळ जातो हे मान्य, पण परत येणारं गिऱ्हाईक त्याहून जास्त वेळ खातं.

दुसरं, मखमल आणि कॉर्डरॉय. त्यांना लव असते, म्हणजे एका बाजूला झुकलेले बारीक तंतू, म्हणून सगळे भाग एकाच दिशेने कापावे लागतात, नाहीतर एक बाही गडद आणि दुसरी फिकी दिसते. म्हणून कापड जास्त लागतं. मोठे चौकडे किंवा एकाच दिशेचं डिझाइन असेल तरी तेच. गिऱ्हाईक माप साध्या कापडाचं घेऊन येतं आणि निवडतं मखमल. "टेलरला मखमल घेताय हे सांगितलंय का?" एवढा एक प्रश्न टाका. आमचेही तंटे वाचतील.

मखमली

आयडी बघून कोणी लव कुठल्या दिशेला आहे ते विचारू नका :))

मीही याच धंद्यात आहे. रांग मोडणाऱ्यांसाठी माझी युक्ती: मान वर करायची, नजर द्यायची आणि हातातलं काम न थांबवता म्हणायचं, "दादा, बघितलं मी तुम्हाला. या काकू, मग ते हिरवा तागा घेतलेले, मग तुम्ही." बऱ्याच लोकांना आपल्याकडे कोणी बघतच नाही याचा राग असतो. नंबर कळला की दहातले आठ गप्प उभे राहतात. उरलेल्या दोघांना रांगेतलीच माणसं बघून घेतात, आपण बोलायचं नाही. :)

अस्तरासाठी आम्ही नेहमीच्या रंगांचे एक आणि दोन मीटरचे तुकडे सकाळीच कापून, घडी घालून ठेवतो. पांढरं, काळं, क्रीम, मरून. फक्त अस्तर हवंय? उचला आणि थेट बिलाला जा. टेबलाची निम्मी कटकट त्याने गेली.

फोटोवाल्यांशी वाद घालू नका. प्रत्येक मोबाइलचा पडदा वेगळा रंग दाखवतो. सरळ म्हणा, "फोटोवरून शेड जुळवून दिली तर तुम्हीच माझ्यावर रागवाल. कापडाची चिंधी आणा, मी स्वतः शोधून देते." चिंधी आणली तरी तागा दारापर्यंत नेऊन उजेडात दाखवा. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. एकदा एक बाई दारात उभ्या राहून स्वतःच म्हणाल्या, "अय्या, हा तर जांभळट आहे." मला एक शब्द बोलावा लागला नाही.

आणि कापड एकाच वेळी पुरेसं घ्यायला सांगा. पुढचा तागा वेगळ्या रंगाईतला असला तर शेड थोडी हलते. "मागच्या आठवड्यात घेतलं तेच द्या" हे भांडण त्यातूनच येतं.

चारचौघी

मी तुमच्या टेबलाच्या पलीकडची. ढीगभर तागे उघडायला लावणाऱ्यांपैकी एक. :P

राग मानू नका, पण आमचंही ऐका. मला "पन्हा" माहीत नव्हता, "व्हिस्कोस की मोडाल" विचारलं तर काही कळलं नव्हतं. एकदा कापलं की परत नाही, या धास्तीने मी दहा वेळा विचारते. त्यात समोरचा तोंड वाकडं करून तागे आपटायला लागला की मीही हट्टाला पेटते. "काय दाखवू?" असं विचारलं की मला सगळंच बघावंसं वाटतं. एका दुकानातल्या मुलीने मात्र "काय शिवायचंय? रोजचं की कधीतरी घालायचं? अंगाला चिकटलेलं चालेल का?" असं विचारून दोनच तागे पुढे टाकले. मी त्यातलाच एक घेतला. ती म्हणाली, "तिसरा दाखवते, पण आधी यातला एक बाजूला ठेवू." आणि मी निमूट ठेवला!

गजपट्टी

चारचौघी, अगदी बरोबर. तिसरा उघडायच्या आधी एक बाजूला, हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. सगळे तागे एकदम समोर पसरले की गिऱ्हाइकाला काहीच आवडेनासं होतं.

तागेवाला

मी दुकान चालवतो, म्हणून मालकांच्या बाजूने थोडं. "देऊन टाक" म्हणणारा मालक दरवेळी भित्रा नसतो. भर गर्दीत वीस माणसांसमोर आरडाओरडा चालू असताना अर्धा मीटर कापड देणं कधीकधी स्वस्त पडतं. पण देताना आपल्या माणसाचा पाणउतारा करायचा नाही, हे मात्र मालकाने पाळायलाच हवं. मी असं म्हणतो, "आमच्या ताईंनी बरोबरच मोजलंय, ते बिलावर आहे. तुमची अडचण झाली म्हणून आम्ही आमच्याकडून देतोय." देणं तेवढंच, पण कोणी चोर ठरत नाही.

कापूसकोंडी, दुकान रिकामं असेल तेव्हा मालकांशी बोलून घ्या, भांडणाच्या दिवशी नाही. त्यांना विचारा: मी किती कापड स्वतःच्या अधिकारात देऊ शकते आणि कुठून पुढे तुम्हाला हाक मारू? हे ठरलं की गिऱ्हाइकासमोर तुम्ही दोघं एकच बोलता. "कापलेलं कापड परत घेतलं जात नाही" ही पाटी कटिंग टेबलावर, डोळ्यांसमोर हवी. बऱ्याच दुकानांत ती कॅश काउंटरमागे असते, म्हणजे कापून झाल्यावर दिसते. त्याचा काय उपयोग?

मात्र कापडातच खोट असेल तर वाद न घालता परत घ्या. बऱ्याच गिरण्या खोट असलेल्या जागी किनारीला रंगीत दोरा किंवा चिकटपट्टी लावून पाठवतात. कापायच्या आधी किनारीवरून एकदा नजर फिरवलीत तर दोरा दिसेल. मग तेवढा भाग सोडून मोजायचं.

उगाचच

आता गंमत सोडून. अरे-तुरेवाल्यांचं कोणीच सांगितलं नाही की.

मखमली

हो, ते राहिलंच. आवाज चढला की पहिलं काम म्हणजे हातातली कात्री मिटून टेबलावर ठेवा. हात रागात असताना कापड वाकडं जातं, आणि हातात उघडी कात्री घेऊन बोलणं तसंही चांगलं दिसत नाही. मग एकच वाक्य, तेही हळू: "मी तुमचं काम करून देणार आहे, पण अशा भाषेत नाही." पुन्हा बोलला तर तेच वाक्य पुन्हा, शब्द न बदलता. स्पष्टीकरण द्यायला गेलात की तो त्यातला एकेक शब्द पकडून बसतो.

तेवढ्यानेही नाही भागलं तर माणूस बदला. आमच्यात एक ठरलेलं वाक्य आहे. कोणी मोठ्याने विचारलं की "तो राखाडी तागा वर आहे का?", तर याचा अर्थ "लगेच इकडे ये". दुसरी येते, "मी बघते यांचं" म्हणते, पहिली मागे जाते. नवा चेहरा समोर आला की निम्मा आवेश ओसरतो. आणि ज्याने अंगावर हात टाकायचा प्रयत्न केला किंवा घाणेरडं बोललं, त्याच्याशी गोड बोलायची काही गरज नाही. थेट मालक, थेट बाहेर. त्यात "गिऱ्हाईक देव" वगैरे काही नसतं.

तागेवाला

शेवटच्या मुद्द्याला +१. माझ्या दुकानात तरी असंच आहे.

कापूसकोंडी

सगळ्यांचे आभार, परवापासून करून बघतेय. मोठ्याने मोजायला आधी लाज वाटली, पण काल एक आजोबा माझ्याबरोबरच मोजायला लागले, "दोन... सव्वादोन... थांब गं" म्हणत. शेवटी त्यांनीच पाव मीटर वाढवून घेतलं. पन्ह्याच्या प्रश्नावर तिघींनी टेलरला फोन लावला, त्यातल्या दोघींचं माप खरंच बदललं.

मालकांनी पाटी टेबलावर आणायला होकार दिला. "किती देऊ शकते" यावर मात्र "बघू" म्हणालेत. ते "बघू" म्हणजे काय हे तुम्हाला माहीतच आहे.

एक शंका राहिली. स्ट्रेच कापडाचं काय करता? मी सैल मोजलं तरी गिऱ्हाईक टोक धरून ओढतं आणि "बघा, यात अजून बसतंय" म्हणतं.

तिरकी शिलाई

उलट तुम्हीच सांगा, "ओढून मोजलं तर घरी गेल्यावर कमी भरेल, तुमचंच नुकसान." तागा घट्ट गुंडाळलेला असला तर आधी हवं तेवढं उलगडून थोडा वेळ टेबलावर मोकळं पडू द्या, ताण सुटला की मग पट्टी लावा. आणि ओढणाऱ्याच्या हातात पट्टीचं टोक द्या. हात अडकले की कापड ओढायला मोकळे राहत नाहीत.

कापूसकोंडी

हे भारी आहे. उद्याच करते.