सेन्सर बदलला, तरी आठ दिवसांत तोच कोड. डीपीएफ (सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर) खरंच गेलाय का?

टोमॅटो_पिकअप (नारायणगाव)
नमस्कार मंडळी. बीएस-६ डिझेल पिकअप, २०२१ ची, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. रात्री क्रेट भरून आळेफाटा, माळशेज, कल्याण करत वाशीला जातो, सकाळी परत. गेल्या महिन्यात परतीला रिकामी गाडी माळशेज चढत असताना इंजिनची लाईट लागली आणि गाडीनं दमच सोडला. कितीही अॅक्सिलरेटर दाबा, उचलेना. स्कॅनरवर कोड आला पी२०३३, एक्झॉस्ट टेंपरेचर सेन्सर २, सर्किट हाय. वर्कशॉपमध्ये सेन्सर बदलला, ६,८०० रुपये गेले. आठ दिवस गाडी झकास चालली. परवा मोरोशी सोडलं आणि पुन्हा तीच लाईट, तोच कोड. आता म्हणतात डीपीएफच गेलाय, लाखाच्या वर खर्च येईल. हंगाम ऐन भरात आहे, लाख रुपये आणायचे कुठून? मित्राकडे लाईव्ह डेटा दाखवणारा छोटा स्कॅनर आहे, घरी मल्टिमीटर आहे. आधी काय तपासू?

रातराणी_ट्रान्सपोर्ट
डीपीएफ आतून रिकामा करा आणि प्रोग्रॅम मारून घ्या. कायमची कटकट मिटेल.

पाना_१४ (चाकण)
वरचा सल्ला घेऊ नका दादा. ते बेकायदा आहे, आणि तो काळा धूर आपल्याच गावात राहतो.

बावीस वर्षं डिझेलचं काम करतोय. ‘सर्किट हाय’ म्हणजे सेन्सर गेला, असं नसतं. कोड लाईनबद्दल सांगतो, पार्टबद्दल नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्यूटर, त्या सेन्सरला पाच व्होल्टची लाईन देतो. सेन्सरच्या आत, कपलरमध्ये (वायरीच्या जोडात) किंवा वायरीत कुठंही तार तुटली की व्होल्टेज वर चढतं आणि ईसीयूला वाटतं सायलेन्सर लालभडक झालाय. मग तो रीजनरेशन, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळणं, करतच नाही. काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं. तापमानच कळत नसेल तर जादा डिझेल कशाच्या भरवशावर सोडणार? काजळी साठत जाते आणि डीपीएफ ‘गेलेला’ दिसतो. तुमचा डीपीएफ नुसता भरलेला असू शकतो.

गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी स्टार्ट न मारता फक्त इग्निशन ऑन करा. कूलंट, इनटेकची हवा आणि सगळे एक्झॉस्ट सेन्सर एका स्क्रीनवर घ्या. सगळे आकडे दहा-पंधरा अंशांच्या फरकात हवेत. जो वेगळा पडेल त्याची लाईन धरा. त्याचा कपलर काढा आणि गाडीकडच्या दोन पिनांमध्ये वायरचा छोटा तुकडा लावा (साधा दोन वायरींचा रेझिस्टन्सवाला सेन्सर असेल तरच). आकडा एकदम तळाला गेला तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, दोष सेन्सरमध्ये. आकडा जागचा हललाच नाही तर दोष गाडीकडच्या वायरीत किंवा ईसीयूत.

जुना सेन्सर फेकला नाही ना? पीटी-२०० जातीचा (तापला की ओहम वाढणारा) असेल तर खोलीच्या तापमानाला २२० ओहमच्या जवळ दाखवेल. टोक उकळत्या पाण्यात धरलं की पावणेतीनशेच्या आसपास. एनटीसी असेल तर सगळं उलटं. तापला की ओहम घटतात, आणि तार तुटली तर तापमान तळाला दिसतं. म्हणून आधी जात ओळखा.

घाटमाथा_८०७
डिपस्टिक बघा. रीजनरेशन अर्धवट राहिलं की डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि लेव्हल वर चढते. पातळ झालेलं ऑइल टर्बोला खातं. आणि रीजनरेशन चालू असताना गाडी वाळक्या गवतात किंवा कडब्याजवळ उभी करू नका, सायलेन्सरनं आग लागते.

टोमॅटो_पिकअप (नारायणगाव)
काका, सापडलं! आज पहाटे साडेपाचला इग्निशन ऑन केलं. कूलंट २३, इनटेक २४, सेन्सर १ वर २५. सेन्सर २ हजाराच्या वर! दवानं बोनेट ओलं होतं आणि स्क्रीन म्हणतेय सायलेन्सर हजार अंशांवर आहे.

कपलर काढून पिना जोडल्या, आकडा हलला नाही. मित्र स्क्रीन बघत बसला आणि मी वायर हातानं चाचपत मागं गेलो. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला वायर दाबली तसा तो ओरडला, “पडला, पडला!” सोडली की परत वर. तिथली क्लिप तुटलेली होती, वायर हीट शील्डच्या कडेवर घासत होती. टेप सोलला तर आत तांब्याचे दोन-तीन धागे उरलेले, तेही हिरवे पडलेले. सेन्सर बदलताना वायर हलली असणार, धागे टेकले, म्हणून आठ दिवस निभावले.

जुना सेन्सर डब्यात होता. थंड असताना २१९ ओहम. जुन्या पातेल्यात पाणी उकळून टोक बुडवलं, आकडा चढत चढत २७४ वर थांबला. म्हणजे चांगला सेन्सर काढून टाकला होता.

हिरवा भाग कापून नवा तुकडा जोडला, उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवली, शील्डपासून दूर बांधली. ऑइल खूणेच्या वर बोटभर निघालं. काजळी जास्त होती म्हणून दुसऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनरवरून उभ्यानं रीजनरेशन करून घेतलं. सेन्सर २ चा आकडा ६१० अंशांपर्यंत गेला, काजळीचा आकडा खाली आला. त्यानंतर लगेच ऑइल आणि फिल्टर बदलले. रात्री भरलेली गाडी नेली, सकाळी माळशेज तिसऱ्यात, चौथ्यात आरामात चढली.

पाना_१४ (चाकण)
फार बरं वाटलं वाचून. क्लिप नवीन लावा, नुसत्या प्लास्टिकच्या टायवर ठेवू नका. तिथली उष्णता टाय सोसत नाही. आठवडाभर रोज पहाटे तेच चार आकडे बघा आणि इथं टाका. जुना सेन्सर जपून ठेवा. पुढं कधी बसवायची वेळ आली तर आट्यांना थोडं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, टोकाला लागू देऊ नका.