पाय मोडला म्हणून बेगलिनने माइक सोडायचा का?

पर्वरीकर:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "जिम बेगलिनसारखे चार वर्षं खेळलेले लोक जन्मभर माइक अडवून बसतात. सामना सांगायला वाणी लागते, जुनी जर्सी नव्हे." वाचून रात्री झोप लागली नाही. बेगलिन म्हणजे लिव्हरपूलचा जुना लेफ्ट बॅक, डावीकडचा बचावपटू, नंतर इंग्रजी समालोचक झालेला. 1983 साली आयर्लंडमधल्या वॉटरफर्डचा हा पोरगा शॅमरॉक रोव्हर्स क्लबकडून लिव्हरपूलला आला, मॅनेजर बॉब पेस्लींनी घेतलेला शेवटचा खेळाडू. मे 1986 मध्ये चेल्सीविरुद्ध लिव्हरपूलच्या डॅल्ग्लिशने छातीवर घेऊन मारला तो लीग जिंकून देणारा गोल आठवतो? पास बेगलिनचा. आठवड्याभरात एफए कपही. मग जानेवारी 1987, लीग कपात एव्हर्टनशी सामना आणि पाय मोडला. वय 23! पुढे लीड्सला गेला, पण 1991 ला खेळणं संपलंच. हा माणूस लेफ्ट बॅकची चूक सांगतो तेव्हा ती जागा त्याने स्वतः राखलेली असते.

मडगावचा:
"कुणीतरी" म्हणजे मी, नाव घ्यायला हरकत नव्हती. दुखापतीचं वाईट मलाही वाटतं, पण म्हणून कान त्याच्या हवाली करू? समालोचक पीटर ड्रुरी व्यावसायिक फुटबॉल खेळलेला नाही, तरी अंगावर काटा आणतो. बेगलिन शेजारी बसून रिप्लेत जे दिसतंच तेच सांगतो.

पर्वरीकर:
पीईएस या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये समालोचनाला हे दोघे जोडीनेच होते, त्याआधी बेगलिन दुसऱ्या समालोचकाबरोबर, जॉन चॅम्पियनबरोबर. एकाने रंग भरायचा, दुसऱ्याने का घडलं ते सांगायचं. कामंच वेगळी आहेत, बाब.

म्हापशेकर:
तुम्ही दोघे इंग्लंडात अडकलात. संतोष ट्रॉफी जिंकणाऱ्या गोव्याचे कप्तान ब्रह्मानंद शंखवाळकर, अर्जुन पुरस्कार मिळाला 1997 ला. गोलपोस्टमधून अख्खं मैदान पाहिलेला माणूस माइकवर असेल तर मी टीव्हीचा आवाज वाढवीन. पण बोलायचं कोकणीत. मैदानावर "ताका धर" हीच भाषा चालते.

डिचोलीकर:
सुरू झालं! आमच्याकडे सामन्याची बातमी मराठी पेपरात वाचून पोरं मोठी झाली. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यातही मराठीला जागा आहे. आम्ही काय पाहुणे?

म्हापशेकर:
कायदा काढू नका, पूर्ण वाचला तर पंचाईत होईल. राजभाषा कोकणी. मराठीचा राग नाही, पण पेनल्टी बॉक्सला "दंडक्षेत्र" म्हणणारा समालोचक मला नको.

डिचोलीकर:
दंडक्षेत्र कोण म्हणतं? आम्हीही बॉक्सच म्हणतो! न ऐकताच निकाल देता. दर वेळी हेच, आमच्या तोंडी नसलेले शब्द घालायचे आणि आम्हाला परके ठरवायचे.

मडगावचा:
भाषा कुठलीही घ्या, सांगायला सामने कुठे उरलेत? 2016 ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लब आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा सोडून गेले. धेंपोची पाच राष्ट्रीय विजेतेपदं! माझ्या वडिलांनी त्यानंतर फातोर्ड्याच्या स्टेडियमची पायरी चढली नाही. ती जखम कुणी बोलत नाही.

फोंडेकर:
माझा मोठा भाऊ 19 व्या वर्षी कापणी झालेल्या शेतातल्या टूर्नामेंटमध्ये गुडघा घालवून बसला. आयोजक बघायलाही आले नाहीत. दोन वर्षं तो बॉलकडे पाठ करून बसायचा. मग एका संध्याकाळी लाउडस्पीकरवाल्याचा घसा बसला, कुणीतरी भावाच्या हातात माइक दिला. अर्धं कोकणी, अर्धं मराठी. "विंगर दमलाय, आता बॉल उजवीकडून येणार", आणि बॉल उजवीकडूनच यायचा. बांधावर बसलेले म्हातारे मैदान सोडून त्याच्याकडे बघू लागले. त्या रात्री तो दोन वर्षांनी पोटभर जेवला. "जुनी जर्सी" हा शब्द मला लागला, मडगावकर.

मडगावचा:
तुमच्या भावाबद्दल तो शब्द नव्हता. बरं, जर्सीचं वाक्य मागे घेतो. विंगर दमलाय हे खेळलेल्यालाच आधी कळतं, मान्य. पण ड्रुरी खाली येणार नाही.

डिचोलीकर:
अर्धं कोकणी, अर्धं मराठी. म्हापशेकर, वाचलंत ना?

म्हापशेकर:
वाचलं. माझ्या आईची बोलीही तशीच आहे. टीव्हीवर मात्र कोकणीच. फोंडेकर, भाऊ अजून बोलतो का?

फोंडेकर:
दर हंगामात. पाऊस संपून शेतं मोकळी झाली की सांगतो, या.