ज्येष्ठ सगळीकडे आहेत, मग त्यांच्या मताला वजन का नाही?

रामबागकर
मार्च २०२०मध्ये रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत थांबली. साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८च्या पुढच्या बायकांना ५० टक्के सूट होती. मग २०२३ची विधानसभा झाली, २०२४ची लोकसभा झाली, सवलत काही परत आली नाही. इंदूरहून नातवंडांना भेटायला पुण्याला जायचं तर आता पूर्ण भाडं.

एवढी मतं असून आमचं कुणी ऐकत का नाही? मला वाटतं, आम्ही प्रत्येक मतदारसंघात आहोत, पण दाट कुठेच नाही. २०११च्या जनगणनेत साठीपुढचे लोक देशात ८.६ टक्के होते, मध्य प्रदेशात आठच्याही आत, केरळात १२.६. रामबाग, नारायण बाग या आपल्या जुन्या वस्त्यांत कितीतरी घरी दोघंच म्हातारे राहतात. पण विधानसभेच्या हद्दीत या वस्त्या नव्या कॉलन्यांमध्ये विरून जातात. वॉर्ड लहान, म्हणून पार्षद, म्हणजे नगरसेवक, तरी ओट्यावर येऊन बसतो. आमदार क्वचित दिसतो. केरळने २०२१मध्ये सामाजिक पेन्शन १६०० रुपयांवर नेली. आपल्याकडे ६००, आणि त्यात ऐंशीच्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा फक्त २००.

राऊचा रहिवासी
काका, केरळचा दाखला मला पटत नाही. तिथे शेतमजुरांची पेन्शन १९८०मध्ये सुरू झाली, तेव्हा केरळ काही म्हातारं नव्हतं. मजुरांच्या संघटना होत्या, त्यांनी ती मिळवली. हिमाचलात २०२२ला जुन्या पेन्शनचा मुद्दा तापला तोही नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्यांमुळे.

आपल्या खासदार राहिलेल्या सुमित्राताई महाजनांचंच घ्या. १९८९ ते २०१४, सलग आठ वेळा निवडून आल्या. नुसत्या मराठी मतांवर इंदूरची जागा कधी निघाली असती का? त्यांनी सगळ्या समाजांची मतं मिळवली. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, तेव्हा म्हातारे आणि तरुण एकाच रांगेत उभे असतात. त्यांची मतं वेगळी काढून काय साधणार?

रामबागकर
संघटनेचं मान्य. पण पंच्याहत्तरीच्या माणसाने मोर्चा कसा काढायचा? त्याच्या हातात मतच उरतं ना!

लोकमान्य नगर, निवृत्त
दोघांनी वस्तीबद्दल लिहिलंत, मी हद्दीबद्दल लिहितो. जपानात तरुण शहरांकडे गेले, म्हातारे गावी राहिले, आणि गावाकडच्या मताचं वजन शहरी मताच्या कितीतरी पट झालं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ताशेरे ओढले. शेवटी २०१६च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत तोत्तोरी-शिमाने आणि तोकुशिमा-कोची या प्रांतांच्या जोड्या लावून एकेक मतदारसंघ करावा लागला.

आपल्याकडे चित्र उलटं होण्याची चिन्हं आहेत. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१च्या लोकसंख्येवर गोठवलेली आहे, ती २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. ही वाटणी माणसं मोजून होते, मतदार मोजून नाही. ज्या राज्यात लहान मुलं जास्त, तिथे मुलांमुळे जागा वाढतील आणि त्या जागांवर मत देतील त्यांचे आईबाप. केरळ, तमिळनाडूत ज्येष्ठ वाढले, मुलं घटली. लोकसंख्येच्याच हिशोबाने वाटणी झाली तर संसदेत त्यांचा वाटा घटेल. कुटुंबनियोजन नीट केल्याची ही शिक्षा मला अन्यायाची वाटते.

राऊचा रहिवासी
मला नाही वाटत. मुलाला मत नाही, पण शाळा आणि दवाखाना तर लागतोच. त्याला मोजायचंच नाही का?

माळव्याची सून
जागांचं पुढे ठरेल, आधी मत पेटीपर्यंत पोचू दे. नोव्हेंबर २०२३च्या विधानसभेत ८०च्या पुढच्यांना घरून मत देता येत होतं. माझ्या सासूबाई तेव्हा ८१च्या. कर्मचारी घरी आले, आईंनी देवघराशेजारी पाटावर बसून मतपत्रिकेवर खूण केली आणि दिवसभर खूश होत्या. मार्च २०२४मध्ये वयाची अट ८५ झाली. १३ मेला लोकसभेच्या मतदानाला त्याच आई, गुडघे आणखी दुखरे, भर उन्हात मतदान केंद्राच्या पायऱ्यांपाशी उभ्या. चाकाची खुर्ची होती, पण पायऱ्यांपुढे तिचा काय उपयोग? दोन अनोळखी मुलांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. आई घरी येऊन म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी जाणार नाही."

जुन्या वस्तीत अशा किती आज्या असतील! त्या घरी बसल्या तर यादीत नाव राहूनही तिथली ज्येष्ठ मतं कमीच मोजली जातील.

राऊचा रहिवासी
वहिनी, हे मला मान्य. २०२४च्या याद्यांत ८०च्या पुढचे सुमारे १.८५ कोटी होते आणि ८५च्या पुढचे ८२ लाख. म्हणजे एका बदलात कोटभर लोकांची घरून मत देण्याची सोय गेली. अट पुन्हा ८० करा, अशा अर्जावर मी सही करीन, आमच्या कॉलनीतल्याही गोळा करीन.

रामबागकर
मसुदा मी लिहितो. रविवारी सकाळी घरी या, पोहे होतील. आणि वहिनी, आईंना आणता आलं तर आणा, पहिली सही त्यांची घेऊ. आमच्याकडे पायरी एकच आहे.