सर गेले. ते ख्रिस्ती नव्हते, त्यांच्यासाठी मिस्सा (चर्चमधली फादरांनी करायची उपासना) ठेवता येते का?

वसईकरीण: मी कॅथलिक, फोर्टला एका फर्ममध्ये अकाउंट्सला आहे. मागच्या आठवड्यात आमचे मोठे सर गेले, झोपेतच अटॅक आला. माळकरी माणूस, आषाढीला रजा ठरलेली, पण मला गुड फ्रायडेला चर्चला जाता यावं म्हणून माझं इयर एंडिंगचं काम स्वतः अंगावर घ्यायचे. टोटल चुकली तर ओरडणं नाही, हिरव्या पेन्सिलीने आकड्याखाली बारीक टिंब द्यायचे आणि फाइल गुपचूप माझ्या टेबलावर. काल जुनी व्हाउचरं काढताना ते टिंब दिसलं आणि रडूच फुटलं. काकी म्हणते ख्रिस्ती माणसाने एवढं रडायचं नसतं, विश्वास कमी पडतो. खरंय का? आणि मिस्साचं काय?

माहीमकर: बिनधास्त ठेव. चर्चच्या कायद्यात कलम ९०१ आहे, फादर कुणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतात, जिवंत असो वा मयत, कॅथलिकच पाहिजे असं नाही. पॅरिश ऑफिसात, म्हणजे तुमच्या चर्चच्या ऑफिसात, नाव आणि तारीख लिहून द्यायची. सातवा दिवस हुकला असेल तर महिन्याला ठेव, शिवाय २ नोव्हेंबरला सगळ्याच मृतांची आठवण असते.

पेटीवाला: मी प्रोटेस्टंट, आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत त्यामुळे मिस्सावर बोलत नाही. पण ताई, रडा हो. बायबलमध्ये योहान ११ वाचा, लाजर जाऊन चार दिवस झालेले, येशूला माहीत होतं आपण त्याला मेलेल्यातून उठवणार आहोत, तरी त्याच्या बहिणीला, मरियेला रडताना बघून तो स्वतः रडला. काकी बहुतेक बायबलमधल्याच थेस्सलनीकाकरांच्या पत्रावरून बोलतायत, पण तिथे पौल म्हणतो आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, शोकच करू नका असं कुठाय? आणि सर माळकरी म्हणालात म्हणून, आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक सांगायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांची भजनं आजही आमच्या चर्चमध्ये होतात, अगदी पेटी-तबल्यावर.

लालबागचा_बंड्या: मी हिंदू आहे, मध्येच बोलतो. सरांच्या मिसेसच्या, वहिनींच्या कानावर घाला आधी, तेरावं होऊ दे मग जा. आणि ते पेन्सिलीचं सांगा त्यांना, घरच्यांना ऑफिसमधला माणूस कुठे माहीत असतो.

माहीमकर: परवानगी कशाला पण? प्रार्थना हिची आहे. सांगायला हरकत नाही.

वसईकरीण: सगळ्यांना थँक्यू. महिन्याला सकाळची मिस्सा ठेवलीय. वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या आम्ही पण येतो, आता टेन्शन हे की कम्युनियनला, म्हणजे फादर पवित्र भाकर देतात तेव्हा, सगळे उठले की त्याही प्रसाद समजून रांगेत लागतील, कसं सांगू?

माहीमकर: तू शेजारी बस आणि आधीच सांगून ठेव की हे फक्त आमच्यातल्यांनी घ्यायचं असतं. बाकावर बसून राहिलं तरी कोणी काही म्हणत नाही.